पाण्याला आधी वाट द्या
अंबडच्या ब्लॉकच्या भिंती, तळघरं आणि ओलीचा प्रश्न : एक आढावा

दसरा उलटला, आभाळ निवळलं, सकाळी हवेत गारवा आला, की नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये जाऊन पश्चिमेच्या भिंतीजवळ उभं राहावं. पाऊस थांबून पंधरा-वीस दिवस झालेले असतात. पत्रे कोरडे, रस्ते कोरडे, आवारात धूळ उडायला लागलेली. भिंत मात्र जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळपट असते. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरी, पिठासारखी रेघ दिसते. बोट फिरवलं की भुकटी हाताला येते. हा लोणा. त्याच्या वर रंगाला फुगे आलेले असतात आणि फुगा दाबला की पोपडा सुटून पायाशी पडतो. भिंतीलगत ठेवलेल्या खोक्यांचे तळ मऊ पडलेले, रॅकच्या लोखंडी पायांना गंज चढलेला.

मालकाला विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलं होतं. म्हणजे काय केलं होतं? आतला गिलावा टाचून काढला, डब्यातलं रसायन मिसळून नवा गिलावा केला, पुट्टी भरली, रंग दिला. काम नीटनेटकं झालं होतं. पाणी कुठून येतं, हे मात्र कुणी शोधलं नव्हतं. दुखणं एका बाजूला राहिलं आणि मलम दुसऱ्या बाजूला लागलं.

हा प्रश्न कारखान्यांपुरता नाही. सिडकोतली घरं, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींची तळमजल्याखालची पार्किंग, दुकानांची तळघरं, जमिनीतल्या पाण्याच्या टाक्या, यंत्रांचे खड्डे, सगळीकडे तोच आहे. उपायही बाजारात शेकड्याने आहेत. तरी गळती दरवर्षी परत येते, याचं कारण मला क्रमात दिसतं. आधी पाणी इमारतीपासून दूर न्यायचं, जे पोचेल त्याला वाट द्यायची, मग उरलेलं अडवायचं आणि सगळ्यांत शेवटी रंग. आपल्याकडे काम रंगापासून सुरू होतं.

पायाखालची जमीन

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. नाशिकमध्ये आधी सातपूर आणि नंतर अंबडची वसाहत उभी राहिली. शेजारी सिडकोने नवीन नाशिक वसवलं. शेतांच्या जागी शेड आणि घरं आली, पण जमिनीचा स्वभाव बदलला नाही. वर काळी माती, खाली मुरूम, मग विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ, छिद्रांचा खडक आणि त्याखाली काळा फत्तर. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर आहेत आणि पाण्याशी प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि आत गेलेलं पाणी ती महिनोन्‌महिने धरून ठेवते. मुरूम पाण्याला आडवं वाहू देतो. फत्तरावर पाणी थांबतं आणि उताराच्या दिशेने मुरमातून सरकत राहतं. पाऊस थांबल्यावरही भिंत ओली का, याचं उत्तर इथे आहे : वरचा पाऊस थांबलेला असतो, खालचा प्रवास चालू असतो.

नाशिकचा पाऊस तसा बेताचा. शहरात वर्षाला सरासरी ७०० मि.मी.च्या आसपास पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या इगतपुरीला तीन हजार मि.मी.च्या पुढे जातो. त्यामुळे इथे कोकणासारखी काळजी नको, असं बांधणाऱ्याला वाटतं. पण भिंतीला वर्षाच्या आकड्याशी देणंघेणं नसतं. जोराची सर भिंतीवरून घसरून जाते. तीन-चार दिवसांची रिपरिप आणि पश्चिमेचा वारा हे दोन्ही एकत्र आले की पाणी भिंतीत मुरायला वेळ मिळतो. भिंत त्या झडीने हरते.

यात माणसाची भर पडते. शेजारचा प्लॉट मुरूम टाकून उंच होतो आणि आपला सखल राहतो. रस्त्यावर थरावर थर चढतात, आवारात पेव्हर ब्लॉक बसतात आणि बांधताना जमिनीपासून दीड हात उंच असलेलं जोतं वीस वर्षांत जमिनीला टेकतं. जोत्यातला ओलप्रतिबंधक थर भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५० मि.मी. वर हवा, असा रूढ दंडक आहे. बाहेरची फरशी त्याच्या वर चढली, की तो थर असून नसल्यासारखा होतो.

ब्लॉक पाणी कसा पितो

नाशिक परिसरात भाजलेल्या विटेची जागा बऱ्याच अंशी ब्लॉकने घेतली. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख जवळच मिळते आणि १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांभोवतीच्या बांधकामात राखेचा वापर बंधनकारक केल्यापासून राखेच्या विटा आणि ब्लॉक वाढत गेले. काँक्रीटचे भरीव ब्लॉक, पोकळ ब्लॉक आणि वजनाला हलके एएसी ब्लॉक हे तीन प्रकार आज सर्रास दिसतात.

काँक्रीटचा ब्लॉक जवळजवळ कोरड्या मिश्रणातून, साच्यात दाबून आणि हादरवून काढतात. त्यामुळे त्यात बारीक पोकळ्या राहतातच. भारतीय मानक २१८५च्या पहिल्या भागानुसार अशा ब्लॉकने सरासरी वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी चालतं. म्हणजे २० किलोचा, मानकात बसणारा ब्लॉकही दोन लिटर पाणी पिऊ शकतो. शंभर ब्लॉकची भिंत दोनशे लिटर. ब्लॉक वाईट नाही. तो स्वतः पाणी अडवेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

बहुतेक पाणी ब्लॉकमधून नव्हे, सांध्यांतून येतं. आडवे सांधे गवंडी भरतोच, कारण त्यांच्यावर पुढचा थर बसायचा असतो. उभे सांधे मात्र घाईत अर्धे राहतात. वरून गिलावा झाला की ते कुणाला दिसत नाहीत, पाण्याला बरोबर सापडतात. दुसरी जागा म्हणजे ब्लॉक आणि आरसीसी कॉलम किंवा बीम यांची भेट. दोन्ही साहित्य उन्हाने आणि थंडीने वेगवेगळं हलतं आणि तिथे उभी, सुतासारखी भेग पडते. तिसरी जागा शेडमध्ये ठरलेली : ब्लॉकची भिंत संपून पत्रा सुरू होतो ती कड. पत्रा भिंतीच्या बाहेरून पुरेसा खाली उतरला नसेल, तर सगळं पाणी भिंतीच्या डोक्यावर उतरतं.

पोकळ ब्लॉकच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. वरच्या भेगेतून शिरलेलं पाणी आतल्या पोकळ्यांतून खाली घसरतं आणि सगळ्यांत खालच्या थरात साचतं. ओल दिसते गुडघ्याजवळ, दार उघडं असतं पंधरा फुटांवर. खालची भिंत कितीही वेळा खरवडली तरी ही ओल जाणार नाही.

ताजा ब्लॉक वापरणं ही वेगळीच चूक. मानकानुसार ब्लॉक १४ दिवस पाण्यावर ठेवून पुढे काही आठवडे सावलीत सुकू द्यायचा असतो, म्हणजे त्याचं आकुंचन भिंतीत बसण्याआधी उरकतं. गाडीतून उतरवलेला ओला ब्लॉक त्याच दिवशी भिंतीत गेला, की तो भिंतीत आकसतो आणि भेगा पाडतो. लांबलचक भिंत सलग बांधली तरी तेच होतं; साधारण सहा-सहा मीटरवर हलता सांधा ठेवून तो लवचीक सीलंटने भरावा.

आधी निदान

ओल पाच वाटांनी येते : जमिनीतून वर चढते, पावसाने बाहेरून शिरते, मातीतून आडवी येते, नळाच्या किंवा सांडपाण्याच्या गळतीतून पसरते, किंवा हवेतलीच वाफ थंड भिंतीवर जमते. प्रत्येकीची खूण वेगळी.

जमिनीतून चढणारी ओल साधारण एका पातळीवर थांबते आणि वरच्या कडेला लोण्याची रेघ सोडते. पावसाची ओल डागांनी येते, खिडकीच्या कोपऱ्यात, बीमखाली, आणि पावसाबरोबर वाढते-घटते. नळाची गळती ऋतू पाळत नाही. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि सकाळी तो पुढे सरकलेला दिसला, की चोर घरातच आहे. सिडकोतल्या लागून असलेल्या घरांत बऱ्याचदा दोन भिंतींमधल्या उघड्या फटीतून पाणी उतरतं. तिथे दोन्ही घरांनी मिळून वरून फट झाकल्याशिवाय एकालाही सुटका नाही.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे घरच्या घरी कळतं. भिंतीचा फूटभर भाग कोरडा पुसून त्यावर जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतली वाफ आहे, उपाय खेळत्या हवेचा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. वातानुकूलित खोल्यांत ही चाचणी न करता हजारो रुपयांचं रसायन फासलं जातं.

बाहेरून येणारं पाणी शोधायला नळी वापरावी, पण खालून वर. आधी जोतं भिजवायचं, थांबायचं, आत पाहायचं. मग मधला पट्टा, मग खिडकी, शेवटी भिंतीचं डोकं. वरून सुरुवात केली तर सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही.

जमिनीवरची भिंत

सर्वात स्वस्त उपाय पाणी भिंतीला लागूच न देण्याचे आहेत. छज्जा पुढे काढा आणि त्याच्या खालच्या कडेला टपक्याची खाच ठेवा, म्हणजे थेंब मागे वळून भिंतीकडे येणार नाही. छपराच्या पन्हळीचं पाणी पाइपने थेट गटारापर्यंत न्या. पाइप जमिनीपासून फूटभर वर तोडून सोडला, की सगळ्या छताचं पाणी एकाच कोपऱ्यात पायाशी जातं. भिंतीलगत बाहेरच्या दिशेने उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घाला आणि पट्टा व भिंत यांच्यातला सांधा सीलंटने बंद करा. मोगऱ्याचे वाफे भिंतीपासून दूर न्या.

त्यानंतर गिलावा. कॉलम आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना पुरेशी जाईल अशी जाळी ठोकून घ्यावी. बाहेरचा गिलावा दोन हातांत करावा आणि दोन्ही हातांना पाणी मारून पिकू द्यावं. सिमेंटमध्ये मिसळायच्या जलरोधक रसायनासाठी भारतीय मानक २६४५ आहे. डब्यावर तो क्रमांक पाहावा आणि गोणीला लिहिलेलं मापच घालावं. जास्त घातल्याने भिंत जास्त जलरोधक होत नाही, गिलाव्याची ताकद मात्र जाऊ शकते.

उघड्या ब्लॉकच्या भिंतीला, जिथे गिलावा करायचा नाही, सिलेन-सिलॉक्सेनचा हात चांगला. तो ब्लॉकच्या छिद्रांना पाण्याची नावड लावतो, पण छिद्रं बुजवत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर निघत राहते. मात्र भेगा त्याने भरत नाहीत. त्या आधी भरायच्या. लवचीक रंगाचा थर बारीक भेगांवर पूल घालतो, पण भिंत खालून ओल ओढत असेल तर तोच रंग फुग्यांनी सुटतो.

म्हणून नियम सोपा ठेवावा : घट्ट थर बाहेरून, मोकळा थर आतून. आतल्या बाजूला ऑइल पेंट, टाइल किंवा जिप्समचा गिलावा लावून ओल दाबली, की ती वर चढून नवी जागा शोधते. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांना काळ्या दगडाचं जोतं आणि वर चुन्याचा गिलावा असे. दगड पाणी कमी ओढतो, चुना घेतलेलं पाणी सोडून देतो. आज त्याच वाड्यांवर दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा चढवला जातो आणि आतली वीट कोंडलेल्या ओलीने भुगा होते. जुन्या भिंतीला चुन्यानेच दुरुस्त करावं.

जमिनीखालची भिंत

तळघरात प्रश्न बदलतो. इथे पाणी भिंतीला नुसतं लागत नाही, ढकलतं. प्रत्येक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर सुमारे एक टन इतका हा दाब वाढतो. दहा मीटर लांब आणि तीन मीटर खोल भिंतीमागे पाणी काठोकाठ भरलं, तर भिंतीवर एकूण सुमारे ४५ टनांचा रेटा येतो, त्यात ओल्या मातीचा भार वेगळाच. तळाला खालून वर दाब येतो. तीन मीटर पाण्याचा वर ढकलणारा रेटा दर चौरस मीटरला तीन टन आणि ३०० मि.मी. जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजन जेमतेम पाऊण टन. रिकामी टाकी पावसाळ्यात जमिनीतून वर उचलली जाते ती यामुळेच.

यातून पहिला निष्कर्ष निघतो : साध्या, सळई नसलेल्या ब्लॉकच्या भिंतीवर तळघराची माती झेलू नये. तिथे आरसीसीची भिंत हवी, किंवा ब्लॉकच्या पोकळ्यांत सळई आणि काँक्रीट भरून, अभियंत्याच्या आराखड्यानुसार बांधलेली भिंत. अमेरिकेत ब्लॉकची तळघरं जागोजाग आहेत. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना तळघराच्या कोपऱ्यातला सम्प पंप ओळखीचा असतो. तिथे भिंतीच्या तळाशी पोकळ्यांना भोकं पाडून आतलं पाणी फरशीखालच्या नाळीत आणि तिथून पंपाच्या खड्ड्यात नेतात. पाणी येणारच, हे आधी मान्य करून केलेली ती रचना आहे.

दुसरा निष्कर्ष अंबडच्या जमिनीतून निघतो. मुरूम आणि खडक फोडून केलेला खड्डा म्हणजे हौद. भोवतालच्या मुरमातलं पाणी त्यात येतं आणि बाहेर जायला वाट नसते. मग खोदून काढलेली तीच काळी माती, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भिंतीमागे लोटल्या जातात. ही माती पाणी धरते आणि फुगून भिंतीला रेटते. त्याऐवजी भिंतीमागे खडी आणि चांगला मुरूम भरावा, तळाशी भोकांचा पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून घालावा आणि तो पाइप गटारात किंवा पंपाच्या खड्ड्यात सोडावा. पाणी साचलं नाही, तर दाबच तयार होत नाही. दाब नसलेल्या भिंतीवर साधा लेपही वर्षानुवर्षं टिकतो. दाबाखालच्या भिंतीवर महागडा लेपही एक टाचणीएवढी चूक सहन करत नाही.

ही समज आपल्या परिसराला नवी नाही. अंबडपासून जवळच, महामार्गाच्या कडेला, त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. तिथे राहण्याच्या लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, कोरल्या आहेत आणि नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात लेण्यासोबत पोढींचाही उल्लेख आहे. त्याच खडकात माणसाची आणि पाण्याची जागा दोन्ही एकत्र ठरवल्या गेल्या. आपण तळघर खोदतो, पण पाण्याची जागा ठरवत नाही.

अडवण्याच्या तीन रीती

ब्रिटिश मानक ८१०२ तळघराच्या संरक्षणाचे तीन प्रकार सांगतं आणि विचाराला ते सोयीचे आहेत : बाहेरून आवरण, स्वतः जलरोधक काँक्रीट, आणि आत आलेलं पाणी वाहून नेणारी पोकळी. धोका मोठा असेल तर दोन रीती एकत्र वापराव्यात.

आवरणाची आपल्या महाराष्ट्रातली रीत म्हणजे शहाबादी फरशीची पेटी, ठेकेदारांच्या भाषेत बॉक्स टाइप. आधी तळाला काँक्रीटचा थर, त्यावर रफ शहाबाद, सांधे जलरोधक माल्याने भरलेले. त्यावर तळाचा राफ्ट आणि भिंती. मग भिंतीच्या बाहेरून उभी शहाबाद लावून मधली फट माल्याने आणि सिमेंटच्या पातळ घोळाने ठासून भरायची. इमारत जणू दगडी पेटीत बसते. काम कष्टाचं आहे, जागा लागते आणि एकही पोकळ सांधा चालत नाही. पण कुशल हातांनी केलेली पेटी टिकते. अलीकडे तिची जागा डांबरी किंवा प्लॅस्टिकच्या पडद्यांनी आणि फवारून लावायच्या लेपांनी घेतली आहे. त्यांत वेळ वाचतो, मात्र मातीभराव करताना एक धारदार दगड पडदा फाडतो. म्हणून पडद्यावर संरक्षक फळी किंवा ड्रेन बोर्ड लावल्याशिवाय भराव करू नये.

दुसरी रीत काँक्रीटची. आयएस ४५६ (२०००) मध्ये जास्त ओलीच्या परिस्थितीसाठी पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५च्या आत ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि वाळूतली ओलही त्यातच धरायची. साइटवर काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून नळी सोडली जाते. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये केसासारख्या वाटा ठेवून जातं. मिश्रण पातळ हवं असेल तर त्यासाठी रसायन घाला, पाणी घालू नका. स्फटिक तयार करणारी रसायनं चांगल्या काँक्रीटमधल्या बारीक भेगा मिटवतात. हनीकोम झालेली, म्हणजे आत पोकळ्या राहिलेली भिंत ती वाचवू शकत नाहीत.

यात जवळून पाहावी अशी जागा एकच : तळ आणि भिंत यांचा सांधा. तळाचं काँक्रीट आज ओतलं जातं, भिंतीचं आठवड्याने. मधल्या काळात त्या कडेवर धूळ, लाकडाचा भुसा, बांधणीच्या तारांचे तुकडे पडतात. ते न झाडता वर काँक्रीट ओतलं, की भिंत आणि तळ एकमेकांवर ठेवलेले राहतात, जोडले जात नाहीत, आणि तळघराच्या पायाशी चारही बाजूंनी ओलीची रेघ उमटते. इथे पीव्हीसीचा वॉटरस्टॉप किंवा पाण्याने फुगणारी पट्टी हवी, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने खरखरीत करून धुवायला हवा आणि लेप देण्याआधी कोपऱ्यात गोलाईदार वाटा मारायला हवा. काटकोनात लेप ताणला जातो आणि तुटतो. वाट्यावरून तो सलग उतरतो. शटरिंगच्या टायची भोकं तितकीच महत्त्वाची. ती एकेक करून, दोन्ही बाजूंनी, न आकसणाऱ्या माल्याने भरायची असतात.

बाहेरून खोदता येत नसेल तर

बांधून झालेल्या इमारतीत बहुतेक वेळा बाहेर शेजाऱ्याची भिंत असते किंवा रस्ता. तेव्हा आतून काम करावं लागतं, आणि पाणी लेपाला भिंतीवरून ढकलत असतं हे लक्षात ठेवून उपाय निवडावा लागतो. वाहत्या भेगेत पॅकर ठोकून पॉलियुरेथेनचं इंजेक्शन दिलं, की ते पाण्याशी भिडून फुगतं आणि धार थांबवतं. पोकळ काँक्रीटमध्ये सिमेंटचं ग्राउटिंग, कोरड्या भेगेत इपॉक्सी. धार थांबल्यावरच सिमेंटवर आधारलेला लेप द्यावा, कारण तो काँक्रीटला धरून राहतो. रंगाचे पडदे आतून सोलले जातात. पाणी येतच राहणार असेल तर भिंतीच्या कडेने नाळी, पंपाचा खड्डा आणि वीज गेली तरी चालेल असा दुसरा पंप ठेवणं हा पराभव नाही, शहाणपणा आहे.

बंद तळघरात काम करणाऱ्या कामगारांचा जीवही या हिशेबात धरायला हवा. द्रावकांची वाफ आणि डांबराची ज्योत यांसाठी पंख्याने हवा खेळती ठेवा आणि ओल्या जमिनीवर वीज गळती रोखणाऱ्या स्विचशिवाय एकही यंत्र लावू नका.

पाझर आणि पूर यांतला फरकही सोडू नये. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत रस्त्याचं पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. २६ मे २०२५ रोजी मुंबई मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी स्थानकात पाणी घुसलं. अशा वेळी भिंतीचा लेप काही करू शकत नाही. तळघराच्या उतरणीच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरा आणि त्याच्यापुढे आडवी जाळीची नाली हवी, आणि माणसं बसतील असा वापर तळघरात नको.

नियम आणि जबाबदारी

ओलप्रतिबंध आणि जलरोधनासाठी भारतीय मानक ३०६७ कितीतरी वर्षांपासून आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार तळघराच्या भिंती आणि तळ पाण्याला अभेद्य हवेत आणि बाहेरचं पाणी आत येऊ नये अशी व्यवस्था हवी. नाशिकमध्येच, दिंडोरी रस्त्यावर, १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली मेरी, काम करते. ज्ञानाची कमतरता नाही. ते निविदेच्या कागदावरून गवंड्याच्या थापीपर्यंत पोचत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांनी रेरा कायद्याचं कलम १४ (३) लक्षात ठेवावं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं विकासकाला बंधनकारक आहे. गळतीचे फोटो तारखेसह ठेवावेत आणि तक्रार लेखी द्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेत पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने पाहायची, संडास-बाथरूम-सिंकची सदस्याने. कारखानदाराने ठेका देताना रसायनाच्या नावापेक्षा कामाचा क्रम, चाचणीची रीत आणि हमीचा काळ करारात लिहून घ्यावा. टाकी असेल तर पाणी भरून पातळी तपासल्याशिवाय, तळघर असेल तर भरावापूर्वी लेपाची पाहणी केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

निवाडा

सगळा आढावा घेतल्यावर माझं मत स्पष्ट आहे. अंबडच्या जमिनीत ब्लॉकची भिंत कोरडी ठेवता येते आणि तळघरही कोरडं ठेवता येतं. त्यासाठी सर्वात महाग रसायन लागत नाही. पन्हळीचा पाइप गटारापर्यंत लागतो, जोत्याभोवती उतार लागतो, भरलेला उभा सांधा लागतो, भिंतीमागे खडी लागते आणि धुतलेला सांधा व मारलेला वाटा लागतो. हे झाल्यावर लेप आपलं काम करतो. हे नसेल तर कोणताही लेप दोन पावसाळ्यांचा पाहुणा आहे.

वाचकांना एकच विनंती. दुरुस्तीचं काम एप्रिल-मेमध्ये, भिंत पुरती सुकल्यावर करा. पण तपासणी जुलैमध्ये, पाऊस पडत असताना करा. छत्री घेऊन इमारतीभोवती एक संपूर्ण फेरी मारा. पाणी कुठून पडतं, कुठे साचतं, कुठे भिंतीला टेकतं, ते वहीत लिहा आणि ती वही ठेकेदाराच्या हातात द्या. या फेरीला पैसे पडत नाहीत, आणि पुढचा सगळा खर्च सत्कारणी लागेल की वाया जाईल हे तिच्यावरच ठरतं.